बावीस रेघा

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आयुष्याचीं सदतीस वर्षें ज्यानें दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यांत घालविलीं, त्या माणसाला निवृत्तीनंतर पुस्तकें वाचण्याची लहर आली तरी तो तीं मोजल्यावांचून राहणार नाहीं, हें आपण गृहीतच धरावें. माझें तसेंच झालें. गेल्या वर्षाच्या पहिल्या दिवशीं मीं एक कोरी वही घेतली, पहिल्या पानावर 'संकल्प : वर्षाकाठीं बावन्न पुस्तकें' असें लिहिलें, खालीं लाल शाईची रेघ ओढली, आणि आठवड्यास एक ह्या प्रमाणानें वाचनास आरंभ केला.

असे संकल्प हल्लीं पुष्कळ लोक करतात. नवें वर्ष उजाडलें कीं कोणी बारा, कोणी पन्नास, कोणी शंभर पुस्तकांचा आंकडा जाहीर करतो, आणि वर्षअखेर तो पुरा झाला म्हणजे चार मित्रांत सांगतो. ह्या चालीची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. 'सवड मिळाली म्हणजे करूं' ह्या सदरांत वाचन एकदां जाऊन पडलें कीं ती सवड कधींच मिळत नाहीं. आंकड्याचा धाक असला म्हणजे निदान पुस्तक हातांत तरी येतें. त्या वर्षीं अशीं कितीतरी पुस्तकें माझ्या हातांत आलीं, जीं एरवीं कपाटांतच पिवळीं पडलीं असतीं.

परंतु सप्टेंबरअखेर वही तपासली तेव्हां एकोणचाळीस आठवडे सरले होते, आणि पुस्तकें झालीं होतीं तेहतीस. सहांची तूट! हिशेबनिसाला तूट दिसली कीं त्याची झोंप उडते. माझी नात नववींत शिकते. तिच्यापाशीं मीं हें गाऱ्हाणें सांगितलें. ती म्हणाली, "आजोबा, मग तुम्ही माझीं हीं तीन घ्या ना. भराभर संपतात." असें म्हणून तिनें तीन जाड पुस्तकें माझ्यापुढें ठेवलीं. प्रत्येकाचीं पानें चारशेंच्या घरांत. सुझॅन कॉलिन्स ह्या अमेरिकन लेखिकेचीं 'द हंगर गेम्स', 'कॅचिंग फायर' आणि 'मॉकिंगजे' हीं तीं पुस्तकें. पहिलें २००८ सालीं प्रसिद्ध झालें, दुसरें २००९ सालीं, तिसरें २०१० सालीं. २०१२ ते २०१५ ह्या चार वर्षांत त्यांवर चार बोलपट निघाले. आणि मूळ कथेच्या आधींचा काळ सांगणाऱ्या आणखी दोन कादंबऱ्या लेखिकेनें २०२० व २०२५ सालीं लिहिल्या. माझें आजचें बोलणें पहिल्या तिहींपुरतें आहे.

ज्यांच्या घरांत बारा ते अठरा वर्षांचें एखादें मूल आहे त्यांनीं हीं नांवें ऐकलीं असतील. इतरांसाठीं कथेचा सांगाडा थोडक्यांत सांगतों. भविष्यकाळांतील एक राज्य आहे. नांव पॅनेम. आज जिला आपण उत्तर अमेरिका म्हणतों त्या भूमीच्या अवशेषांवर तें उभें आहे. रॉकी पर्वतांत वसलेली कॅपिटॉल नांवाची झगझगीत राजधानी, आणि तिच्यासाठीं राबणारे बारा जिल्हे. कोणी कोळसा खणावा, कोणी मासे धरावे, कोणी धान्य पिकवावें. पूर्वीं ह्या जिल्ह्यांनीं बंड केलें. तें मोडलें गेलें. आणि शिक्षा म्हणून असा निर्बंध घातला गेला कीं, प्रत्येक जिल्ह्यानें दरवर्षीं बारा ते अठरा वर्षांच्या वयाचा एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडून द्यावी. हीं चोवीस मुलें एका विस्तीर्ण रिंगणांत सोडावयाचीं, त्यांनीं एकमेकांस मारावयाचें, आणि जो एक उरेल तो विजयी. हा सारा प्रकार दूरचित्रवाणीवर अखिल राज्यानें पाहावयाचा. पाहणें सक्तीचें. चिठ्ठ्या काढण्याच्या समारंभाला नांव आहे 'कापणी'.

बाराव्या जिल्ह्यांतील सोळा वर्षांची कॅट्निस एव्हरडीन ही कथेची नायिका. बाप कोळशाच्या खाणींतील स्फोटांत मेलेला. आई दुःखानें खचलेली. कुंपणाबाहेरच्या रानांत चोरून शिकार करावी आणि घर चालवावें, हा तिचा नित्यक्रम. धाकटी बहीण प्रिम नुकतीच बारा वर्षांची झाली आहे. पहिल्याच कापणींत, एकुलत्या एका चिठ्ठीनें, प्रिमचें नांव निघतें. आणि कॅट्निस पुढें होऊन सांगते कीं, हिच्याऐवजीं मी जातें.

हें वाचतांना महाभारतांतील एकचक्रा नगरी कोणास आठवणार नाहीं? बकासुराकडे गाडाभर अन्न आणि एक माणूस पाठविण्याची पाळी ज्या घरावर आली, त्या घरांत 'मी जातों, मी जातें' म्हणून चाललेला आकांत आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. लेखिकेच्या मनांत अर्थात् ही कथा नव्हती; होती ती ग्रीकांची. क्रीटच्या राजानें अथेन्सकडून सात मुलगे व सात मुली खंडणी म्हणून मागाव्या, त्यांना चक्रव्यूहांत मिनोटॉर राक्षसापुढें सोडावें, आणि अखेर थीसिअसनें आपण होऊन त्यांत शिरावें, ही ती कथा. कॉलिन्सबाईंनीं हें ऋण स्वतःच मान्य केलें आहे. परंतु बकासुराला काय किंवा मिनोटॉरला काय, निदान भूक तरी होती. कॅपिटॉलला भूक नाहीं. तिला करमणूक हवी आहे.

आतां माझ्या धंद्याची गोष्ट. सोडतींत सर्व मुलांच्या चिठ्ठ्या सारख्या नसतात. बाराव्या वर्षीं एक, तेराव्या वर्षीं दोन, अशा त्या वाढत जाऊन अठराव्या वर्षीं सात होतात. एथपर्यंत ठीक. पण घरांत अन्न नसेल तर मुलाला आपल्या नांवाची एक जादा चिठ्ठी घालून तिच्या मोबदल्यांत एका माणसापुरतें वर्षाचें जेमतेम धान्य व तेल घेतां येतें. घरांतील प्रत्येक माणसासाठीं असा सौदा करतां येतो, आणि ह्या जादा चिठ्ठ्या वर्षानुवर्ष सांचत जातात. कॅट्निस स्वतःसाठीं, आईसाठीं व बहिणीसाठीं दरसाल तीन चिठ्ठ्या जादा घालते. पांच वर्षांच्या पंधरा, नेहमींच्या पांच, एकूण वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरांत पांच माणसें. पांच साते पस्तीस आणि वर सात, एकूण बेचाळीस. गांवच्या मेयरची मुलगी कॅट्निसच्याच वर्गांतली, तिच्या चिठ्ठ्या फार तर पांच. मीं कागदावर मांडून पाहिलें. लेखिकेचा हिशेब चोख जमतो. आणि तो जमला म्हणून मी खूष झालों. ज्या घरांत भूक अधिक त्या घरांत मरण अधिक, आणि तेंहि पोरानें स्वतःच्या हातानें लिहून दिलेलें, हा त्या हिशेबाचा अर्थ त्या वेळीं माझ्या ध्यानांत आलाच नाहीं.

पुस्तकें खरोखरच भराभर संपलीं. प्रत्येकांत तीन भाग, प्रत्येक भागांत नऊ प्रकरणें, आणि बहुतेक प्रकरणांचा शेवट अशा जागीं कीं, दिवा मालवावयास हात उचलूं नये. लेखिकेनें पूर्वीं मुलांच्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमांसाठीं पुष्कळ लेखन केलें आहे. पाहणाऱ्याला जागचें उठूं न देण्याची कला तिच्या हाताला चांगली बसली आहे. सारी कथा कॅट्निसच्या तोंडून आणि वर्तमानकाळांत चालते. तिला जेवढें दिसतें तेवढेंच आपल्याला दिसतें. रिंगणांत एखादें मूल मेलें कीं तोफेचा आवाज होतो. रात्रीं राष्ट्रगीत वाजतें, आणि त्या दिवशीं मेलेल्यांचे चेहरे आकाशांत दाखविले जातात. पहिल्याच दिवशीं अकरा तोफा होतात. एवढीं माणसें ध्यानांत ठेवणें कठीण म्हणून, जुन्या संवयीनें, मीं पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनें रेघा मारण्यास सुरुवात केली. तोफ झाली कीं रेघ. चार उभ्या, पांचवी आडवी. किती गेले व किती उरले तें एका दृष्टिक्षेपांत कळतें.

तीन पुस्तकें नऊ दिवसांत उरकलीं. 'उरकलीं' हाच शब्द योग्य आहे. वहींत चौतीस, पस्तीस, छत्तीस असे आंकडे चढले. तूट सहांवरून चारांवर आली. मोठ्या समाधानानें मी पुस्तकें परत करावयास गेलों. नातीनें पहिलें पुस्तक सहज उघडलें तें नेमकें शेवटच्या पानावर.

"आजोबा, हें काय?"

"मेलेल्यांचा हिशेब," मीं थोड्याशा अभिमानानें सांगितलें. "चोवीसांपैकीं बावीस. बरोबर आहे कीं नाहीं?"

तिनें रेघांवरून हळूच बोट फिरविलें आणि विचारलें, "ह्यांत रू कोणती?"

मला सांगतां येईना. रू नांवाची एक लहान मुलगी होती आणि ती मध्येंच केव्हां तरी मरते, इतकेंच आठवत होतें. मग तिनें विचारलें, "बरें, रू गेल्यावर कॅट्निसला पाव कोणीं पाठविला?" तेंहि आठवेना. मुलगी रागावली नाहीं. "असूं दे, आजोबा," एवढेंच म्हणाली आणि पुस्तकें उचलूं लागली. श्रोतेहो, सदतीस वर्षांच्या नोकरींत वरिष्ठांचे कडक शेरे मीं पुष्कळ ऐकले. पण त्या 'असूं दे' इतका एकहि मनाला लागला नाहीं. मीं म्हटलें, "ठेव तीं तूं येथेंच. मी पुन्हां वाचतों."

ह्या खेपेस वही मिटून ठेवली. दिवसाला एक प्रकरण, क्वचित् दोन. आणि मग पुस्तकांत जें दिसूं लागलें तें पहिल्या वेळीं माझ्या डोळ्यांखालून जाऊनहि मीं पाहिलेलें नव्हतें.

रू ही अकराव्या जिल्ह्यांतील बारा वर्षांची मुलगी. तो जिल्हा शेतीचा. तेथें धान्य आणि फळें अमाप पिकतात, आणि पिकविणाऱ्यानें त्यांतलें कांहीं तोंडांत घातलें तर त्याला चारचौघांत फटके मारतात. रू झाडांच्या शेंड्यांवरून पाखरासारखी फिरते, कारण फळबागांत अगदीं वरच्या फांद्यांवर हलकीं मुलेंच चढवावीं लागतात. दिवस मावळतां काम सुटलें कीं तिनें चार सुरांची एक लकेर घालावयाची, आणि बागांतल्या मॉकिंगजे पक्ष्यांनीं ती झाडोझाडीं पुढें न्यावयाची. हा पक्षीहि गमतीचा आहे. लोकांचीं बोलणीं चोरून ऐकण्यासाठीं कॅपिटॉलनें हेर-पक्षी तयार केले होते. पुढें ते टाकून दिले गेले. त्यांनीं रानांतल्या मॉकिंगबर्डांशीं घरोबा केला, आणि हेरगिरी विसरून गाणें तेवढें शिकलेली एक नवीच जात जन्मास आली. राज्यकर्त्यांच्या योजनेंत नसलेला असा हा पक्षी.

रिंगणांत रू आणि कॅट्निस मैत्रिणी होतात. रू भाल्यानें मारली जाते. ती जाईपर्यंत कॅट्निस तिला गाणें म्हणते, आणि मग तिचा देह रानफुलांनीं झांकते. ह्यांत डावपेंच कांहीं नाहीं. उलट वेळ जातो आणि धोका वाढतो. पण साऱ्या पाहणारांना तिला दाखवावयाचें आहे कीं, ही तुमच्या पटावरची सोंगटी नव्हे, ही एक मुलगी आहे. थोड्या वेळानें आकाशांतून रुपेरी रंगाच्या लहानशा हवाई छत्रीला बांधलेला एक पाव खालीं येतो. काळसर पिठाचा, चंद्रकोरीच्या आकाराचा, वर बिया लावलेला. तो अकराव्या जिल्ह्याचा पाव आहे.

ह्या पावाची किंमत समजून घेतली पाहिजे. रिंगणांत एखादी वस्तु पाठवावयाची तर अतोनात पैसा पडतो; म्हणून त्या पाठवितात कॅपिटॉलमधील श्रीमंत शौकीन, आपल्या आवडत्या खेळाडूसाठीं. येथें मात्र जे स्वतः अर्धपोटीं राहतात त्यांनीं, आपली मुलगी मेल्यानंतर, दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलीला, म्हणजे खेळाच्या नियमानें त्यांच्या शत्रूला, हा पाव पाठविला. आजवर असें कधीं घडलें नव्हतें. पुढें दोन पुस्तकांत पेट घेणाऱ्या क्रांतीची पहिली ठिणगी ती हीच. आणि मीं त्या ठिकाणीं काय केलें होतें? दोन तोफा झाल्या म्हणून दोन रेघा मारल्या होत्या आणि पान उलटलें होतें. आतां सावकाश मोजून पाहिलें. रूची रेघ अठरावी.

मग एक विचार मनांत आला, आणि तो सुखाचा नव्हता. कॅपिटॉलमधील माणसें काय करीत होतीं? मऊ बैठकीवर बसून, आतां कोण मरतें म्हणून उत्कंठेनें पाहत होतीं. गेले किती, उरले किती, तें मोजीत होतीं. आणि एक खेळ संपला कीं दुसऱ्याची वाट पाहत होतीं. तीं कांहीं राक्षस नाहींत. कॅट्निसची वेषभूषा करणारी त्यांच्यांतलीं माणसें हंसरीं, प्रेमळ, थोडीं मूर्ख अशीं आहेत. त्यांना फक्त रेघ दिसते. रेघेमागचें मूल दिसत नाहीं. आणि मी, तूट भरून काढण्याच्या घाईंत, तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या खोलींत बसून, नेमकें तेंच करीत होतों. ही कथा वाचतां वाचतां वाचकाचाच कॅपिटॉलकर होऊं शकतो. तसें होऊं न देणें त्याच्या हातीं आहे.

पुस्तकाचा जन्महि अशाच एका अनुभवांतून झाला, हें मला मागाहून कळलें. एका रात्रीं कॉलिन्सबाई दूरचित्रवाणीच्या वाहिन्या बदलीत बसल्या होत्या. एका वाहिनीवर तरुण माणसें बक्षिसासाठीं चढाओढ करीत होतीं. दुसरीवर इराकमधील युद्धाचीं दृश्यें होतीं. आणि दमलेल्या डोळ्यांपुढें दोन्हीं एकमेकांत मिसळूं लागलीं. बाईंना युद्ध केवळ पडद्यावरच ठाऊक होतें असें नाहीं. त्यांचे वडील अमेरिकन हवाईदलांत अधिकारी होते, आणि त्या लहान असतांना ते व्हिएटनामच्या युद्धावर गेले होते. बाप युद्धावर असतांना एका लहान मुलीला तें वर्ष कसें गेलें, ह्यावर त्यांनीं २०१३ सालीं मुलांसाठीं एक चित्रमय पुस्तकहि लिहिलें.

दुसऱ्या वाचनांत आणखी एक गोष्ट लक्षांत आली. ही कथा मारामारीची वाटते, पण ती आहे भाकरीची. राज्याचें नांवच पाहा. जुव्हेनल नांवाच्या रोमन उपहासकवीनें आपल्या देशबांधवांना टोमणा मारला होता कीं, ह्यांना आतां दोनच गोष्टी हव्यात, भाकरी आणि खेळतमाशे. त्या लॅटिन वचनांतला 'पॅनेम' म्हणजे भाकरी. बाप मेल्यावर अकरा वर्षांची कॅट्निस भर पावसांत भटारखान्यामागें उपाशी कोसळते, तेव्हां भटाऱ्याचा मुलगा पीटा मुद्दाम दोन पाव करपवितो, आईचा मार खातो, आणि ते पाव तिच्याकडे टाकतो. पुढें हाच पीटा तिच्याबरोबर रिंगणांत जातो. चिठ्ठीच्या मोबदल्यांत धान्य, पावसांत फेकलेले पाव, अकराव्या जिल्ह्याची चंद्रकोर. आणि दुसऱ्या पुस्तकांत कॅपिटॉलची मेजवानी, जेथें पोट भरल्यावर आणखी खातां यावें म्हणून वांतीचें पेय तयार ठेवलेलें असतें. सारी कथा ह्या एका धाग्यांत ओंवलेली आहे.

दोष नाहींत असें नाहीं. अख्खें खंड बारा धंद्यांत वांटून दिलेलें हें अर्थशास्त्र फार खोल जाऊन तपासूं नये. दुसऱ्या पुस्तकांत रिंगण पुन्हां येतें तेव्हां थोडी पुनरुक्ति होते. आणि पीटा कीं गेल, हा कॅट्निसच्या मनाचा हेलकावा माझ्या वयाच्या वाचकाला जरा लांबल्यासारखा वाटतो. नातीला तसें वाटलें नाहीं, हेंहि नमूद करतों.

आतां गृहस्थाश्रमी श्रोत्यांच्या मनांतला प्रश्न. माझ्या सूनबाईनेंच तो मला विचारला. मुलांनीं मुलांना मारावें असलें पुस्तक मुलांच्याच हातीं द्यावें काय? अमेरिकेंतहि ही शंका अनेक पालकांना आली. तेथील ग्रंथालय-संघटना दरवर्षीं, ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वांत अधिक तक्रारी येतात अशा दहा पुस्तकांची यादी प्रसिद्ध करते. २०१०, २०११ आणि २०१३ ह्या वर्षांच्या याद्यांत हें नांव आहे. अगदीं लहान मुलांना तें देऊं नये हें मला मान्य आहे. परंतु ह्या पुस्तकांत हिंसेची चटक लावणारें असें कांहीं मला आढळलें नाहीं. येथें जिंकणारा सुखी होत नाहीं. बाराव्या जिल्ह्याचा पूर्वींचा विजेता हेमिच अहोरात्र दारूंत बुडालेला आहे. कॅट्निस झोंपेंतून किंचाळत उठते, आणि तिसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस तर तिचें मन पार मोडून गेलेलें असतें. मारण्याची जी किंमत असते ती लेखिका दामदुपटीनें वसूल करते. मीं सूनबाईला इतकेंच सांगितलें कीं, 'ह्यांत रू कोणती?' असें विचारावयास ज्या पुस्तकानें मुलीला शिकविलें, तें तिच्या हातून काढून घेण्याचा अधिकार रेघा मारणाऱ्या आजोबाला नाहीं. मात्र तूंहि एकदां वाच, म्हणजे तिच्याशीं बोलतां येईल.

तिसरें पुस्तक बहुतेकांना आवडत नाहीं. मला तें सर्वांत धीट वाटलें. कारण तेथें कॅट्निस बंडखोरांच्या तेराव्या जिल्ह्यांत येते, आणि तिला आढळतें कीं, एथेंहि सर्व कांहीं मोजलेलें आहे. रोज सकाळीं हाताच्या कातडीवर दिवसाचें वेळापत्रक उमटवून घ्यावयाचें; अन्न तोलून मिळावयाचें; आणि तिनें स्वतः प्रचारपटांत उभें राहावयाचें. कॅमेरा एकच, मालक तेवढा बदलला. युद्ध जिंकल्यावर उरलेल्या विजेत्यांपुढें प्रस्ताव येतो कीं, आतां शेवटचा एक खेळ व्हावा, आणि त्यांत कॅपिटॉलचीं मुलें सोडावीं. जुन्या हिशेबाची फेड! सात जणांत मतें घेतलीं जातात. निकाल काय लागतो आणि कॅट्निस पुढें काय करते तें सांगून मी रसभंग करीत नाहीं. पण मुलांच्या मोबदल्यांत मुलें हा जमाखर्च कागदावर बरोबर दिसतो, आणि म्हणूनच तो भयंकर आहे, हें एखाद्या हिशेबनिसाला समजावयास ह्यापरता चांगला धडा मिळणार नाहीं.

कादंबरींतल्या गोष्टी कधीं कधीं कादंबरीबाहेर पडतात. बाराव्या जिल्ह्यांत एक जुनी रीत असते. डाव्या हाताचीं मधलीं तीन बोटें ओठांना लावून ती समोरच्या माणसाकडे धरावयाचीं. तिचा अर्थ आभार, आदर, आणि प्रिय माणसाचा निरोप. बहिणीऐवजीं पुढें झालेल्या कॅट्निसला तिचे गांवकरी टाळ्या न वाजवितां हीच खूण करतात. २०१४ सालीं थायलंडमध्यें लष्करानें सत्ता बळकावली तेव्हां तेथील तरुणांनीं तीन बोटें वर करून निषेध केला. २०२० सालीं ती खूण तेथें पुन्हां दिसली. आणि २०२१ सालीं ब्रह्मदेशांतील लष्करी सत्तेविरुद्धहि लोकांनीं तीच उचलली. एका मुलांच्या पुस्तकांतली ही मूक खूण, आणि ती केल्याबद्दल खऱ्याखुऱ्या माणसांना अटक झाली. त्या तरुणांनीं तें पुस्तक आंकडा भरण्यासाठीं वाचलें नसावें.

आणि आतां शेवटची मोजदाद. ह्या मालिकेच्या अगदीं अखेरच्या पानावर कॅट्निसहि मोजतांना दिसते. बरीच वर्षें लोटलीं आहेत. तरी वाईट स्वप्नें सुटलेलीं नाहींत. फार जड जाईल त्या दिवशीं ती मनांत एक यादी करते. कोणीं कोणासाठीं केलेली जी जी चांगली गोष्ट आपण डोळ्यांनीं पाहिली, ती प्रत्येक आठवून काढावयाची. तोफा मोजणाऱ्या जगांतून आलेली ही बाई भलेपणा मोजीत बसते. पहिल्या वाचनांत हें पान मीं पाऊण मिनिटांत संपविलें होतें, कारण पुढें वहींत छत्तीसावा आंकडा लिहावयाचा होता.

माझें वर्ष त्रेचाळीस पुस्तकांवर संपलें. नऊंची तूट. दुसऱ्यांदां वाचलेलीं तीन मीं हिशेबांत धरलीं नाहींत, कारण संकल्पाचा नियम तसा नव्हता, आणि नियम मोडण्याची मला संवय नाहीं. यंदाहि वही घातली आहे. आंकडाहि लिहिला आहे, पण तो लहान आहे. शिवाय एक नवा रकाना आंखला आहे. पुस्तक संपल्यावर महिन्यानें त्यांतलें जें आठवत असेल तें त्या रकान्यांत लिहावयाचें. कांहीं पुस्तकांपुढें तो कोराच राहतो. त्यांत दोष कधीं पुस्तकाचा असतो, कधीं माझा.

त्या बावीस रेघा पुसून टाकाव्या म्हणून मीं रबर घेतलें होतें. नातीनें हात धरला. ती म्हणाली, "पुसूं नका. नांवें लिहा." म्हणून आम्ही दोघें एका रविवारीं बसलों आणि प्रत्येक रेघेपुढें नांव लिहूं लागलों. रूचें लिहिलें, आणखी चौघापांचांचीं लिहिलीं, आणि थांबलों. उरलेल्यांचीं नांवें त्या पुस्तकांत नाहींतच. कॅट्निसच्या तोंडीं तीं कधीं येत नाहींत. कोणी नुसता अमक्या जिल्ह्याचा मुलगा, कोणी तमक्या जिल्ह्याची मुलगी. त्या रेघा अजून तशाच उघड्या आहेत. नात म्हणते, आपण त्यांना नांवें ठेवूं. अजून ठरलेलें नाहीं.